ठेवायचं कारण

माझ्या खापरावर लाल चिठ्ठी लावलेली होती.

खापर म्हणजे आमच्या बागलाणात मांडे भाजायला चुलीवर पालथं घालतात ते मातीचं मोठं भांडं. ते मी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले तर खापर खाली, ओट्याला टेकवून ठेवलेलं, आणि त्याच्या पोटावर चिकटपट्टीनं डकवलेली पत्त्याएवढी चिठ्ठी. वर छापलेलं, 'शेवटचा वापर'. खाली छापलेलं, 'ठेवायचे असल्यास कारण लिहा'. वापराच्या रकान्यात ह्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'आखाजी', म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

"हे काय आहे?" मी विचारलं.

हे स्टुलावर उभे होते. अर्धं अंग माळ्यात होतं, तिथूनच आवाज आला. "वर्षातून एकदा वापरतेस ते खापर. तेवढ्यासाठी किती जागा अडते बघ."

"वर्षातून एकदा दिवाळीपण येते. तिलाही लावा चिठ्ठी."

"तसं नाही द्वारका. पद्धत समजून घे. ज्याला वस्तू हवी आहे त्यानं कारण लिहायचं. आठवडाभरात कोणी काही लिहिलं नाही, तर ती वस्तू घराला नको आहे असं धरायचं. साधं आहे."

"माझ्या घरात माझं खापर ठेवायला मी कारण लिहून देऊ? कोणाला?"

"मला," हे म्हणाले. इतकं सहज म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी चिठ्ठी ओढून काढली, चुरगाळली आणि चहाच्या चोथ्यात टाकली. मग स्टूल धरून म्हटलं, "उतरा खाली. मला खापर वर ठेवायचं आहे."

हे उतरले. पण तोंडावर हसू होतं. कारखान्यात नवीन पद्धत आणली की आधी सगळे असेच चिडतात, मग सरळ होतात, असं ते मला दोनदा ऐकवून झाले होते.

ह्यांची नोकरी अंबडच्या एका कारखान्यात झाली. मालाच्या गोदामावर साहेब होते. तिथे कुठलीशी जपानी पद्धत आली होती. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव, जमिनीवर पिवळे पट्टे, आणि नको असलेल्या मालावर लाल चिठ्ठी. ह्यांच्या गोदामाला त्याबद्दल ढाल मिळाली होती. निवृत्तीच्या समारंभात ती ढाल टेबलावर मांडून भाषणं झाली. मला काही म्हणायचं नाही. गोदाम त्यांनी चांगलंच ठेवलं असणार. पण निवृत्त झाल्यावर महिनाभर घरात नुसत्या फेऱ्या मारल्या आणि मग एके दिवशी झेरॉक्सवाल्याकडून लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा छापून आणला.

घर भरलेलं होतं हे खरं. नाशिकच्या सिडकोत आमच्या चार खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. त्यात आम्ही दोघं, मुलगा मिलिंद, सून अर्चना, त्यांची दोन पोरं आणि माझे धाकटे दीर काशीभावजी. सात माणसांचं घर म्हटल्यावर पसारा असणारच. दारामागे रद्दी, कपाटावर बॅगा, पलंगाखाली भांड्यांची गोणी, पोरांच्या मोडक्या सायकली. कधी कात्री सापडायची नाही, तर कधी लाइटचं बिल. अर्चनाला सकाळी आठला कामावर पोचायचं असायचं, तिची रोज धावपळ व्हायची. तेव्हा आवरायला हवं होतं हे मी कुठे नाकारलं? पण तीस-पस्तीस वर्षांत ज्या माणसाला मिठाचा डबा कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, त्यानं उठून माझ्या डब्यांवर नावं चिकटवावीत? 'मीठ.' 'हळद.' 'जिरे.' जशी काही मी वास घेऊन ओळखणार नव्हते.

बादलीसाठी मोरीत पिवळा चौकोन आला. चपलांसाठी दारात पिवळ्या रेघा आल्या. पाण्याचा हंडा ठेवायचा तिथे पिवळा गोल. हंडा जरा इकडेतिकडे झाला की हे बाहेरून म्हणायचे, "हंडा हललाय."

"हंडा आहे. हलणारच," मी आतून म्हणायचे.

सून मात्र खूश होती. एकदा भाजी चिरता चिरता हळूच म्हणाली, "आई, रागावू नका. पण डबा पटकन सापडतो आता."

मी रागावले नाही. तिचं खरं होतं. शेजारच्या खैरनारबाई तर बघायलाच आल्या आणि "आहेर साहेबांनी घराचं नुसतं हॉटेल केलंय हो" म्हणून गेल्या. कौतुक होतं ते. मला ते कौतुक अंगाला चिखल लागावा तसं लागलं. इतकी वर्षं घर मी सांभाळलं तेव्हा त्या कधी बघायला आल्या नव्हत्या.

मी एकच ठरवलं. चिठ्ठीवर एक अक्षर लिहायचं नाही. दिसेल ती चिठ्ठी फाडायची. शिवणयंत्रावरची फाडली, सासूबाईंच्या पितळी डब्यावरची फाडली, गव्हाच्या कणगीवरची फाडली. हे नवीन लावायचे, मी फाडायचे. जेवताना एकमेकांशी बोलणं बंद झालं. मिलिंद ताटात बघून जेवायचा आणि उठायचा.

ह्या सगळ्यात मनापासून रमलं होतं कोणी, तर ते काशीभावजी.

काशीभावजींना लहानपणी मोठा ताप आला होता. अंग वाढलं, केस पिकले, मन मात्र सात-आठ वर्षांच्या पोराएवढंच राहिलं. सासूबाई होत्या तोवर ते गावी त्यांच्याजवळ राहिले. त्या गेल्यावर आमच्याकडे आले. येताना एसटीच्या टपावर आईची बाज घेऊन आले. लाकडी चौकटीची, काथ्यानं विणलेली जुनी बाज. ती मागच्या शेडमध्ये टाकली आणि तीच त्यांची खोली झाली. पाणी भरायचं, दूध आणायचं, पोरांना शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायचं, परत आणायचं. कोणी सांगितलं नव्हतं, ते करायचे.

त्यांना मोठ्या भावाचं फार कौतुक होतं. दादा म्हणजे देव. पण दादा सकाळी सातला कारखान्यात जायचा, संध्याकाळी पेपर वाचायचा, आणि भावाशी त्याचं बोलणं म्हणजे "जेवलास का रे" एवढंच. निवृत्तीनंतर चित्र पालटलं. काशीभावजी ह्यांच्यामागे चिकटपट्टी घेऊन फिरू लागले. दारातल्या सगळ्या चपला ते पिवळ्या रेघेत जोडीजोडीनं लावायचे, कोणी आलं की पुन्हा लावायचे. हे म्हणायचे, "बघा. ह्याला कळतं. तुम्हा लोकांना कळत नाही." काशीभावजींचा चेहरा असा फुलायचा की त्या क्षणापुरता माझाही राग विरघळायचा. मी मनाशी म्हणायचे, जाऊ दे, एकाचं तरी भलं होतंय ह्यातून.

आणि मग तो दिवस आला.

माझ्या बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं पंचवटीत. मी सकाळीच गेले. दिवेलागणीला परत आले तर हे दारातच उभे.

"डोळे मीट," म्हणाले.

"मला ह्या वयात कसले डोळे मिटायला लावता?"

"बरं, नको मिटू. ये मागे."

मागच्या शेडमध्ये गेले. फरशी धुतलेली. कोपऱ्यात लोखंडी घडीचा पलंग, त्यावर नवी गादी, पांढरी चादर. भिंतीला फळी ठोकलेली, फळीवर 'काशिनाथ' असं नाव चिकटवलेलं. बाकी शेड रिकामी. बाज नव्हती. बाजेखालचे डबे, झाकणं, बाटल्या, काहीच नव्हतं.

"काथ्या लोंबत होता. ढेकूण झाले होते," हे म्हणाले. "भंगारवाला आला होता दुपारी, देऊन टाकली. काशाची पाठ दुखते म्हणायचा ना? आता बघ कसा झोपेल राजासारखा."

गादी चांगली होती. मी खोटं बोलणार नाही. हात लावून बघितली तर मऊ होती. मी विचारलं, "भावजी काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बाज उचलायला त्यानंच हात लावला. मी लगेच फरशी धुवायला घेतली."

"आहेत कुठे?"

"असेल इथेच."

इथे नव्हते. घरात नव्हते. गच्चीवर नव्हते. अर्चना नुकती कामावरून आली होती, तिनं पाहिलं नव्हतं. पोरं म्हणाली, आज रिक्षातून उतरलो तेव्हा काशीआजोबा आले नव्हते, आम्ही आमचेच आलो. मिलिंद दुपारपासून वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करत होता, त्याला काही पत्ता नव्हता.

"दूध आणायला गेला असेल," हे म्हणाले.

"दुधाचं पातेलं ओट्यावर आहे."

मी चपला घालून बाहेर पडले. डेअरीवर विचारलं, मारुतीच्या देवळात बघितलं, मैदानाला फेरी मारली. हे माझ्या मागून येत होते आणि प्रत्येक ठिकाणी "येईल गं, कुठे जातोय" म्हणत होते. परत गल्लीत आलो तेव्हा खैरनारबाई फाटकाशी उभ्या होत्या.

"काशीभाऊंना शोधताय का?" त्या म्हणाल्या. "अहो, ते तर दुपारी भंगाराच्या टेम्पोत मागे बसून गेले. बाजेवर बसले होते. मला हात केला. मला वाटलं, तुम्हीच पाठवलं असेल."

मला वाटलं, तुम्हीच पाठवलं असेल.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा उतरला होता, पण माझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी नुसता जाळ होता. मी म्हटलं, "रिक्षा बोलवा."

भंगारवाल्याचं नाव रफिक. बारा वर्षं आमच्या गल्लीत येत होता. त्याचं आवार अंबडच्या रस्त्याला होतं. पत्र्याचं कुंपण, आत फ्रीजचे सांगाडे, कुलरच्या जाळ्या, सायकलींचा ढीग, आणि मधे एक दिवा. आम्हाला बघून तो धावत आला.

"भाभी, बरं झालं आलात. मी घरी फोन कुठे लावू, नंबर नव्हता माझ्याकडे. पोरगा टेम्पो घेऊन आला तेव्हा मी बाहेर होतो. आत्ताच आलो तर हे बसलेले. मी म्हटलं, चला सोडतो घरी. उतरायलाच तयार नाहीत. चहा दिला, तोही घेतला नाही. म्हणाले, वहिनी आली की घेईन."

काशीभावजी ढिगांच्या मधोमध बाजेवर बसले होते. मांडीवर गोधडी घडी करून ठेवलेली. शेजारी त्यांचे डबे. चपला बाजेखाली, जोडीनं, सरळ.

मला बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला आल्या? पोरांचं जेवण व्हायचं असेल."

"चला घरी, भावजी."

"नाही ना," ते म्हणाले. समजावून सांगावं तसं म्हणाले. "चिठ्ठी होती वहिनी. आठवडा झाला. कोणी लिहिलं नाही."

"कुठे होती चिठ्ठी?"

त्यांनी गोधडी उचलून दाखवलं. उशाकडच्या लाकडाला, आतल्या अंगानं, चिठ्ठी डकवलेली होती. घरभरच्या चिठ्ठ्या मी फाडल्या, पण काशीभावजींचं अंथरूण मी कधी उचलत नसे. ते स्वतःच घालायचे, स्वतःच काढायचे.

"मी रोज बघायचो," ते म्हणाले. "दादाला विचारायचो, कोणी लिहिलं का? दादा म्हणायचा, नाही अजून."

मी मागे वळले. "विचारायचे ते?"

"अगं, तो विचारायचा," हे चाचरले, "पण मला वाटलं, आपलं असंच. सगळ्याच चिठ्ठ्यांचं विचारतोय असं वाटलं."

"मला कुठे लिहिता येतं," काशीभावजी म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाले.

ह्यांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्याला धरलं. "अरे वेड्या, चिठ्ठी बाजेला होती. तुला नव्हती."

काशीभावजींनी विचार केला. मग विचारलं, "बाज कोणाची?"

"तुझी."

"मग?"

उत्तर आलं नाही की ह्यांना राग यायचा, तो जन्माचा स्वभाव. आवाज चढला. "बरं, पुरे आता. ऊठ. नवीन पलंग आणलाय तुझ्यासाठी, चांगली गादी आणलीय. भंगारात काय बसतोस? चल ऊठ म्हणतो ना!"

दादा रागावलाय एवढंच काशीभावजींना कळलं. ते उठून उभे राहिले. गोधडी छातीशी धरली आणि घाईघाईनं बोलायला लागले.

"दादा, मी पाणी भरतो. दूध आणतो. पोरांना सोडतो. चपला लावतो, हो की नाही? तूच म्हणाला, काशाला कळतं. दादा, मी भाकरी दोन खातो. एक कमी केली तरी चालेल. मला—"

"गप बसा!"

मी ओरडले. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता, ते एकदम दचकले. आवारातली रफिकची माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली.

"एक शब्द बोलू नका," मी म्हटलं. "एकही कारण सांगायचं नाही. ह्यांना नाही, मला नाही, कोणालाच नाही. ऐकलं का भावजी? कोणी विचारलं तरी सांगायचं नाही."

मग मी ह्यांच्याकडे वळले.

"ऐकलंत ना? घ्या लिहून. भाकरी एक कमी. बसतं का बघा तुमच्या चिठ्ठीत."

"द्वारका, लोक बघतायत."

"बघू द्या. ढाल मिळाली तेव्हा लोकांनी बघितलेलं चाललं ना? आता हेही बघू द्या. सख्खा भाऊ रोज येऊन विचारत होता, मला ठेवायचं कोणी लिहिलं का. आणि तुम्ही रोज सांगत होतात, नाही अजून. रोज!"

"माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"तुमच्या मनात काहीच नव्हतं. तेच तर म्हणतेय मी."

मी जाऊन काशीभावजींच्या शेजारी बाजेवर बसले. काथ्या करकरला. खरंच जुनी झाली होती बाज. मी म्हटलं, "आता बाज उचला. तिच्यासकट आम्ही घरी जाऊ, नाहीतर इथेच बसतो."

रफिक पुढे आला. मी त्याला हात केला. "रफिकभाई, तुम्ही नाही. ह्यांना आवरायची हौस आहे. ह्यांना उचलू द्या."

मिलिंद मोटरसायकलवरून मागून आला होता. त्यानं एक बाजू धरली, ह्यांनी दुसरी. टेम्पोत बाज चढली. काशीभावजी तिच्यावर बसले, मी त्यांच्या शेजारी. तेव्हा कुठे त्यांनी रफिककडे चहा मागितला. चहा पीत पीतच आम्ही निघालो. हे पुढे रफिकजवळ बसले होते. मागून मला त्यांची मान दिसत होती, ताठ.

आमच्या गल्लीत पाण्याच्या लाइनसाठी रस्ता खणून ठेवला होता. टेम्पो तोंडाशीच थांबला. तिथून घरापर्यंत बाज न्यायची तर हातानंच. मिलिंदनं आणि ह्यांनी ती पालथी करून डोक्यावर घेतली. काथ्याचे धागे ह्यांच्या चष्म्यावर लोंबत होते. रात्रीच्या जेवणाआधीची वेळ, सगळे ओट्यावर बसलेले. ज्या गल्लीतून हा माणूस इस्त्रीच्या शर्टाशिवाय कधी गेला नाही, त्या गल्लीतून चालला होता.

"काय आहेर साहेब, बाज आणली का?" कोणीतरी विचारलं.

हे बोलले नाहीत.

पुढच्या ओट्यावरून पुन्हा, "साहेब, ही कुठली बाज?"

तरी बोलले नाहीत. तिसऱ्यांदा खैरनारबाईंच्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा हे थांबले. डोक्यावरचं ओझं तसंच धरून म्हणाले, "भावाची आहे."

बाज शेडमध्ये तिच्या जागी टेकली. काशीभावजींनी गोधडी अंथरली, डबे खाली लावले आणि हात धुवायला गेले. अर्चनानं न बोलता ती उशाकडची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन उरलेला सगळा गठ्ठा आणला आणि माझ्यासमोर बंबात घातला. तिचे डोळे लाल झाले होते.

जेवायला सगळे बसले. काशीभावजींनी दोन भाकरी खाल्ल्या. मी तिसरी वाढली. ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, "खा." त्यांनी खाल्ली.

मिलिंदला वाटलं, आता वादळ शमलं. म्हणाला, "आई, बाबांचा हेतू वाईट नव्हता गं."

"तू बोलू नकोस," मी म्हटलं. "सात माणसांचं घर. त्यातलं एक माणूस भर दुपारी भंगारात बसून निघून जातं आणि दिवे लागेपर्यंत कोणाला पत्ता नाही. हंडा तसूभर हलला तर ह्या घरात कळतं."

अर्चनानं पोरांची ताटं उचलायला घेतली.

मग मी ह्यांना म्हटलं, "मागचा नवीन पलंग रिकामा आहे. आणलाय तर वापरात यायला हवा. आजपासून तुम्ही तिथे झोपा."

मला वाटलं, भांडतील. मी तयार होते. भांडण व्हावं असंच मला वाटत होतं. पण ते उठले, आपली उशी घेतली आणि मागे गेले.

सकाळी मी भाकरी थापत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तोंडावर, हातावर डास चावल्याच्या गांधी उठल्या होत्या. झोप झालेली दिसत नव्हती.

"काशा झोपेत बोलतो," हे म्हणाले.

मी भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं.

"आईला हाक मारतो. 'आई, दादा आला का?' असं विचारतो. दोनदा-तीनदा विचारलं." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी नाशिकला नोकरीला आलो तेव्हा एवढासा होता तो. एसटीमागे पळत आला होता. तेव्हापासून... तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडते," मी म्हटलं. "चौदा वर्षं ऐकतेय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही मागे कधी आला होतात?"

बाहेर काशीभावजी नळावर बादली भरत होते, तिचा आवाज येत होता. हे म्हणाले, "तो विचारतो, तेव्हा तू काय करतेस?"

"खिडकीतून म्हणते, येतोय. मग झोपतात."

मी भाकरी उलटली. "आता मी म्हणणार नाही. तुम्ही शेजारी आहात. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

माझा राग गेला नव्हता. आज इतक्या वर्षांनीही तो दिवस आठवला की जाळ उठतो. काशीभावजी आता नाहीत. लोक मला म्हणतात, शेवट तर गोड झाला ना. मी विषय बदलते.

त्या दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर हे उठले, आपली उशी काखेत घेतली आणि पुन्हा मागे झोपायला गेले. मी पुन्हा सांगितलं नव्हतं. मी थांबवलंही नाही.